लाल टोपणाची नळी

इंदापुरातल्या माझ्या लॅबमध्ये यंदा जी नवी मुलगी आली, ती वरकुट्याची, बीएस्सीला कॉलेजात पहिली. इतकी वर्षं मी पोरींना शिकवतेय आणि दरवेळी तेच रडगाणं. सांगितलेलं चोख करतात, न सांगितलेल्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. हिनं तर माझं सगळं बोलणं वहीत उतरवून घेतलं. मला बरं वाटलं, मूर्खासारखं.

बावड्याहून आमच्याकडं रक्ताच्या नळ्या दुधाच्या टेम्पोतून येतात. सकाळी सहाला काढलेलं रक्त कधीकधी दुपारी पोचतं. साखर तपासायची तर राखाडी टोपणाची नळी लागते, तिच्यात साखर टिकवायचं औषध असतं. लाल टोपणाच्या साध्या नळीत रक्तातल्या पेशीच साखर खाऊन टाकतात, उन्हाळ्यात तर बघायलाच नको.

एके दिवशी मी बारामतीला गेले होते. बावड्याच्या एका तात्यांचं रक्त लाल टोपणात आलं आणि साखर फारच कमी निघाली. पोरीनं तीनदा मशीनवर लावलं, तीनदा तेच. रिपोर्ट गेला. डॉक्टरांनी फोनवरच इन्सुलिन थांबवलं आणि साखरपाणी द्यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी रजिस्टर चाळताना तात्यांच्या नावापुढं लाल टोपण लिहिलेलं दिसलं; म्हणजे त्यांची साखर कमी नव्हतीच, ती नळीतच खाल्ली गेली होती. लगेच तात्यांच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, "साखरपाणी चालूच हाय की. पण कालपास्नं तात्या नुसतं झोपून हायती."

"ते बंद करा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," मी म्हणाले. मग पोरीवर तुटून पडले. नळी बघायची अक्कल नव्हती का तुला?

ती मान खाली घालून म्हणाली, "बघितली हुती मॅडम. शंका बी आली. पण गेल्या महिन्यात मी एक नळी परत पाठवली, तवा तुमी सगळ्यांदेखत म्हणाला, डॉक्टर व्हायला आलीस का हितं? सांगितलंय तेवढं कर."

म्हणाले होते मी. चिडले होते, बोलून मोकळी झाले आणि विसरूनही गेले. तिला विचार करायला शिकवतेय म्हणून मिरवत होते, आणि तिनं एकदाच केला तर तिचं तोंड बंद केलं.

तात्या आता बारामतीला आयसीयूत आहेत, शुद्धीवर नाहीत. आज सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, त्यो रिपोर्ट बरोबर हुता न्हवं?"

"चुकीचा होता," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

तो हळूच म्हणाला, "आई बाहीर बसलीया. तिनं सवताच्या हातानं पाजलंय त्यास्नी साखरपाणी. तिला काय सांगू?"