मागच्या खोलीतली भाडेकरू

ग्लेनिस आमच्या शेजारी राहायला आली त्याला आता नऊ वर्षं झाली. घर क्लाइव्हचं. तो ग्रिम्सबीच्या गोदीत, मासळीच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतो. त्याची बायको पॉलीन गेल्यावर वर्षभर त्या घराचे पडदे क्वचितच उघडायचे. मग दोन बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन ग्लेनिस आली. क्लाइव्हने लीड्सला असलेल्या आपल्या मुलीला, जनीनला, फोनवर सांगितलं, "मागची खोली भाड्याने दिलीय." आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते, पोरीला एकदम काय सांगायचं, म्हणून. मग नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

ग्लेनिस एका वृद्धाश्रमात कामाला होती. अंथरुणाला खिळलेल्यांना झोळीच्या यंत्राने उचलून खुर्चीत बसवायचं, तर दोन माणसं लागतात. गेल्या हिवाळ्यात तिथे माणसं कमी केली आणि हे काम तिच्या एकटीवर आलं. तिने व्यवस्थापकांना दोनदा लेखी कळवलं. ते म्हणाले, "तुमच्यासारख्या अनुभवी बाईला जमेल हो."

मार्चमध्ये एके सकाळी ब्लँचर्ड नावाचे आजोबा झोळीतून घसरले. गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. पण ग्लेनिस कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "त्यांनीच माझी माफी मागितली गं. म्हणाले, मी फार जड झालोय." त्याच दुपारी तिने राजीनामा दिला आणि मुदतीचा एक महिना भरून घरी बसली. छप्पन्नाव्या वर्षी, हातात दुसरी नोकरी नसताना.

बेकारभत्त्याचा अर्ज भरायला ती क्लाइव्हच्या जुन्या संगणकापुढे बसली. नाव, पत्ता झाला आणि मग प्रश्न आला, जोडीदाराबरोबर राहता का?

क्लाइव्ह मागे उभा होता. तो म्हणाला, "नाही म्हण. भाडेकरू आहे असं लिही. एकटीला भत्ता मिळतो. माझा पगार धरला तर तुला काही देणार नाहीत."

"खोटं लिहू?"

"खोटं कसलं? सगळे तेच समजतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"जनीन."

"आणि तू काय समजतोस?"

क्लाइव्हने चहाचं पाणी ठेवलं. किटली उकळून बंद झाली. ग्लेनिस म्हणाली, "नऊ वर्षं तुझ्या कामाच्या कपड्यांचा मासळीचा वास काढतेय मी. कुठल्या भाडेकरणीने काढला असता रे?" आणि तिने 'हो'वर टिचकी मारली.

पण तेवढ्याने भागत नव्हतं. जोडप्याचा अर्ज एकच असतो. क्लाइव्हनेही संगणकावर आपल्या नावाने त्या अर्जात शिरून, ही माझी जोडीदार, असं कबूल करायचं होतं. त्यासाठी मिळालेला क्रमांक ग्लेनिसने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. दूध काढताना, लोणी ठेवताना तो दिसायचा. तीन दिवस गेले.

रविवारी जेवण झाल्यावर क्लाइव्हने जनीनला फोन लावला. हवापाण्याचं, तिच्या मांजराचं बोलून झालं, मग म्हणाला, "जनीन, ग्लेनिसबद्दल तुला एक सांगायचं होतं."

"ती बरी आहे ना?"

"बरी आहे. ती भाडेकरू नाहीये."

मग जनीन म्हणाली, "बाबा, त्या मागच्या खोलीत पलंगच नाहीये. शिवणयंत्र आहे आणि तुझ्या गळाच्या काठ्या. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. नऊ वर्षं वाट बघायला लावशील असं वाटलं नव्हतं. दे तिला फोन."

दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते ग्लेनिसने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या संध्याकाळी क्लाइव्हने फ्रिजवरचा कागद काढून क्रमांक भरला.

रोजगार कचेरीत ओवेन नावाच्या अधिकाऱ्याने अर्ज वाचला. "क्लाइव्ह साहेबांचा पगार बघता यातून तुम्हाला काही मिळणार नाही."

"पण आमचं लग्न झालेलं नाही."

"एका घरात जोडप्यासारखं राहता ना? कायद्याला तेवढं पुरतं." मग त्यानेच विचारलं, "तुमच्या पगारातून सरकारी विम्याचे हप्ते कापले जायचे का?"

"दर महिन्याला."

"मग त्या हप्त्यांवर एक वेगळा भत्ता आहे. त्यात जोडीदाराचा पगार बघत नाहीत, सहा महिने मिळतो. अडचण एवढीच की नोकरी तुम्ही स्वतः सोडलीत. कारण पटलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत रोखून धरतात."

ग्लेनिसने पिशवीतून व्यवस्थापकांना लिहिलेल्या त्या दोन पत्रांच्या प्रती काढल्या. ओवेनने त्या सावकाश वाचल्या. "या ठेवून घेतो. निर्णय मी देत नाही, पण जिथे तो होतो तिथे या पोचतील."

निर्णयाला पाच आठवडे लागले. तेच तिला सगळ्यात जड गेले. सोळाव्या वर्षापासून कमावणारी बाई, ती आता विचारू लागली, "हीटर लावू का?" क्लाइव्ह चिडायचा. "विचारतेस काय? तुझंही घर आहे."

"तेच तर कळत नाही ना," ती एकदा म्हणाली. "कमावत होते तेव्हा माझं वाटायचं."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना क्लाइव्हने हॅडॉक मासळी आणली आणि स्वतः तळली. जरा करपली, तरी तिने सगळी खाल्ली.

मग पत्र आलं. नोकरी सोडण्याला सबळ कारण होतं, असं त्यात होतं. भत्ता सुरू झाला. फार नव्हता, पण तिच्या नावाने येत होता. ती दर पंधरवड्याला कचेरीत जाऊन कुठे कुठे अर्ज केले ते दाखवायची. ऑगस्टअखेर एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं.

पगार आधीपेक्षा कमी आहे, पण दुपारी तीनला ती घरी असते. परवा कुंपणापलीकडून सांगत होती, पोरं वाटाणे पानात तसेच टाकतात, आता बटाट्यात कुस्करून घालते, कुणाला पत्ताही लागत नाही.