सरासरीचे हाडवैरी

सापाला, सासूला, साखरेला भिणारी माणसं जगात पुष्कळ. पण सरासरीवर दात धरून बसलेला माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच, आणि ते नेमके आमचे साडू! छावणीतल्या एका शाळेत ते गणित शिकवतात आणि उरलेल्या वेळात दिसेल त्याला मार्क देत सुटतात. रिक्षावाल्याच्या वळणाला मार्क, माझ्या मिशीला मार्क (दहापैकी चार, तेही सहानुभूतीचे). पुतणीच्या लग्नात जिलबीला दहा, मठ्ठ्याला दहा, भज्यांना दहा आणि कच्च्या भाताला शून्य दिलं. मी सहज म्हणालो, "म्हणजे सरासरी साडेसात." खवळलेच! "काय राव साडूभाऊ! साडेसातचा एक तरी पदार्थ होता का पानात? सरासरी लई खोटारडी असती!" मग भर मांडवात पाहुण्यांना उंचीप्रमाणं रांगेत उभं करून त्यांनी मधोमधच्या मामांना दंडाला धरून पुढं ओढलं. "मधला मार्क बघावा, मधला! टोकाचा कितीबी लांब जाऊ द्या, ह्यो हालत नाय." मामा मात्र पंगत बसल्याचं कळताच हालले.

यंदा प्रकरण हातघाईवर आलं. त्यांच्या नववीच्या वर्गात चितेगावकडची एक मेंढपाळाची लेक आहे, गणितात वाघीण. पुण्याच्या एका निवासी शाळेत तिची निवड व्हायची होती. अट एकच, पाच चाचण्यांची सरासरी वीसपैकी पंधरा. पोरीला अठरा, सतरा, अठरा, सतरा. पाचव्या चाचणीला आई तापानं फणफणलेली, म्हणून ही मेंढरांमागं गेली. गैरहजर, म्हणून शून्य. सरासरी आली चौदा!

मी साडूंचा विसरलेला डबा घेऊन शाळेत गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. साडू मुख्याध्यापिकाबाईंपुढं उभे. "मॅडम, हे शून्य गणिताचं नाय, हजेरीचं हाय!"

"सर, नियम सगळ्यांना सारखाच."

तेवढ्यात चहा आला, मॅडम, कारकून, साडू आणि मी, असे चार कप. साडूंनी पाचवा रिकामा कप मध्ये ठेवला आणि प्रत्येकाचा थोडा थोडा चहा त्यात ओतला.

"अहो, माझा चहा का कमी केला?" मॅडम ओरडल्या.

"न आलेल्या पाहुण्याला वाटणीत धरलं, मॅडम. तुम्ही त्या पोरीचं दुसरं काय केलं?"

मॅडमनी हसू दाबलं आणि फेरचाचणी मंजूर केली! पेपर मात्र साडूंनी स्वतः तपासला नाही. प्रेमानं हात सैल सुटेल, म्हणून दुसऱ्या सरांकडं दिला. पोरीला अकराच पडले. पण सरासरी सोळाच्या वर गेली, आणि हा गृहस्थ व्हरांडाभर नाचत होता, "अकरा तर अकरा! तिचे स्वतःचे हायेत!"

जूनमध्ये ती पुण्याला निघाली. बापानं ट्रंक गाडीत चढवली. खिडकीतून पोरीनं विचारलं, "सर, तिकडं गणित चुकलं तर कुणाला विचारू?"

दिवसभर बडबडणारे आमचे साडू रुमालानं उगाच खिडकीचा गज पुसू लागले. मला त्यांच्याकडं बघवेना.

"चुकलं की फोन कर," ते म्हणाले. मग गाडी हलल्यावर तिच्याबरोबर चार पावलं पळत ओरडले, "आन् बरोबर आलं तरी कर, बेटा."