कांद्याचा पापुद्रा आणि ‘दिसतंय का’ मॅडम

आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमना ‘हो’ हा शब्द चालत नसे. सूक्ष्मदर्शीला डोळा लावला की त्या मागून विचारायच्या, “दिसतंय का?” आपण हो म्हटलं की हळूच चकती फिरवून सगळं धूसर करायच्या आणि पुन्हा विचारायच्या, “आता?” पहिल्या दिवशी मी तेव्हाही हो म्हटलं. “तुला धुक्यातही दिसतं वाटतं,” त्या म्हणाल्या. वर्गात त्यांचं नावच ‘दिसतंय का मॅडम’ पडलं होतं.

मला खरं तर काहीच धड कळत नव्हतं. दहावीपर्यंत तंतुकणिका होती, कॉलेजात मायटोकाँड्रिया आली. दोन्ही एकच, हे कोणी सांगितलं नाही, म्हणून मी कांद्याच्या पेशीच्या आकृतीत दोन्ही वेगवेगळ्या काढल्या. मॅडमनी दोन्हींवर बोट ठेवलं. “ताकद बनवणारं अंगक दोनदा दिलंस. तुझा कांदा पळत सुटेल.”

घरात विचारायला कोणी नव्हतं. बाबा कामतघरला एका कारखान्यात कापडाच्या घड्या घालतात. त्या कामाला सगळे फोल्डिंगच म्हणतात. बारावीच्या प्रॅक्टिकलआधी ते म्हणाले, “पास झालीस तर शिक. न्हायतर हाय आपलं फोल्डिंग.” रागाने नाही, सहज म्हणाले. म्हणून जास्त भीती वाटली.

मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यालाही घड्या असतात आणि त्यामुळे काम जास्त होतं म्हणे. मी विचारलं, “मॅडम, घडी घातली की कापड लहान होतं. मग काम जास्त कसं?” मॅडमनी स्वतःची ओढणी मुठीत कोंबली.

“ओढणी कमी झाली का?”

“नाही.”

“एवढ्याशा मुठीत अख्खी मावली. ताकद त्या पडद्यावर तयार होते. जितका पडदा जास्त, तितकी ताकद जास्त. कळलं?”

मी हो म्हणणारच होते. त्यांचा चेहरा बघून तो शब्द गिळला.

प्रॅक्टिकलला परीक्षक बाहेरचे होते. समोर कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड. “मायटोकाँड्रिया दिसतात का?” माझ्या आधीच्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं. मला विटांसारख्या भिंती दिसत होत्या, आत केंद्रकाचा ठिपका, बस. मॅडम कोपऱ्यात काचा पुसत होत्या, वर बघेनात.

“नाही सर.”

“म्हणजे नाहीतच?”

बाबांचं फोल्डिंगचं टेबल डोळ्यांसमोर आलं. “असतील सर. घरी टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटतो. त्याला ताकद कुठून तरी येत असणार.”

सरांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

मी पास झाले. बाबांनी फोल्डिंगचा विषय पुन्हा काढला नाही. पण ते उत्तर बरोबर होतं की सरांनी दया केली, हे मला कळेना. मॅडमना विचारायला जूनमध्ये कॉलेजात गेले, तर प्रयोगशाळेत दुसरेच सर. मॅडम तासांच्या पगारावर, तात्पुरत्या नेमलेल्या होत्या. त्यांना परत बोलावलं नव्हतं.

मग एकदा त्या धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसलेल्या दिसल्या. मी धावत जाऊन विचारलं, “मॅडम, तेव्हा माझं बरोबर होतं का?”

“तू खोटं बोलली नाहीस. बाकीचं तू शोध. कसं शोधायचं ते कळतंय का?”

तोंडाशी हो आलं होतं. “अजून नाही, मॅडम.”

त्या सरकून बसल्या, कारण रिक्षात तिसरी सवारी आली होती. “मग शिकशील,” म्हणाल्या, आणि रिक्षा निघाली.