मंगळीचा अंगठा

कमलाकांतने सतरा वर्षं फौजेत काढली, चाळिशीला टेकता टेकता वकिलीचा काळा कोट चढवला आणि कोट अंगावर असतानाच पाच वर्षं सरपंचकीही केली. तरी मनोरकडच्या त्याच्या गावात तो शेवटपर्यंत ‘फौजी’च राहिला. याच्यासारखा सरळ माणूस आसपास सापडायचा नाही, असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर ते त्यालाही पटलेलं होतं. तिथंच त्याने माती खाल्ली.

सरपंच असताना पाड्याला रस्ता आणायचा त्याने ध्यासच घेतला होता. आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावं लागे. रस्ता मंजूर झाला, पण एक कागद अडला. रस्ता ओढ्यापलीकडच्या ज्या सरकारी जागेतून जाणार, तिच्यावर कोणाचीच वहिवाट नाही, असा ग्रामसभेचा ठराव हवा होता. आता त्या जागेवर पाड्यावरची मंगळी तीस वर्षं नाचणी-वरी पिकवत होती, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. पण रस्ता तर हवाच.

ग्रामसभा लावणीच्या दिवसांत पडली. माणसं चिखलात, सभेला कोण येणार? मग नेहमीची रीत. सभा झाली असं लिहायचं आणि रजिस्टर घरोघर फिरवायचं. शिपाई तापाने पडला होता, म्हणून फौजी स्वतःच पाडा-पाडा हिंडला. मंगळीच्या दारात त्याने शाईची डबी उघडली.

“मावशी, जमीन तुझीच. ह्यो नुसता कागद हाय, रस्त्यासाठी.”

तिचा हात चिखलाने भरलेला. तो त्याने आपल्या रुमालाने पुसला आणि अंगठा धरून रजिस्टरवर दाबला.

रस्ता झाला. फौजीच्या गळ्यात हार पडले.

आठ वर्षांनी त्याच जागेवर गोदामासाठी खुंट्या ठोकल्या गेल्या. मंगळी पालघरला कोर्टात आली; रस्त्यासाठीचा तो ठराव फौजीच्या ध्यानातही नव्हता, त्याने तिचं वकीलपत्र घेतलं आणि पाडा निर्धास्त झाला. दुसऱ्याच तारखेला समोरच्या वकिलाने ठरावाची नक्कल पुढे सरकवली. खाली सरपंचाची सही आणि मागे एकशे बारा अंगठे.

“वकीलसाहेब, ही सही आपलीच ना?” न्यायाधीशांनी विचारलं.

“होय, साहेब.”

खोटं बोलायची सवय फौजेने लावली नव्हती. पण ज्या कागदावर त्याची सही, त्या कागदाबद्दल त्याला आता साक्षीदार व्हावं लागणार होतं, आणि साक्षीदाराला वकील राहता येत नाही. म्हणजे वकीलपत्र सोडणं आलं. साक्षीत खरं काय ते तो सांगणार होता. पण मागे एकशे बारा अंगठे असताना त्याचं एकट्याचं कोण ऐकणार? आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हातात काहीच नाही याची भीती वाटली, आणि लाज तर इतकी, की पाड्याच्या त्या रस्त्यावरून त्याला मान वर करून चालवेना.

मंगळी अंगणात वरी पाखडत होती. त्याने सगळं सांगितलं, ठरावाचंही.

“त्या कागदावर तुझाबी अंगठा हाय, मावशी.”

“हाय तर. तूच धरलेलास ना.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याने नवा कागद काढला. मी वकीलपत्र सोडतो, अशिलाची हरकत नाही. डबी उघडताच तिने सूप बाजूला ठेवलं आणि अंगठा पुढे केला.

“थांब. आधी वाचून दाखवतो.”

“कशाला? तू आनलास ना?”

तरी त्याने शब्द न् शब्द वाचला, दोनदा समजावला. ती त्याच्या तोंडाकडे बघत मान हलवत राहिली. मग त्याने तिचा अंगठा धरला. तो गेल्या वेळेपेक्षा हलका लागला.

शाई पदराला पुसत मंगळी समाधानाने म्हणाली, “झाला ना काम? आता नाय ना जायची जमीन?”