वाचन थांबवू नका

उन्हाळ्याच्या तोंडावर माझी झोप गेली, ती आषाढात वर्षावास सुरू झाला तरी परत आली नाही. झोप लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे ज्याला लागते त्याला सांगून कळत नाही. अंग दमलेलं असतं, डोळे जळत असतात, आणि डोक्यात मात्र कुणीतरी माईक घेऊन उभं असतं. माझ्या डोक्यातला माईक माझ्याच हातात होता. अंथरुणाला पाठ टेकली की मी ग्रामसभा भरवायचे. समोरच्यांचे मुद्दे मीच मांडायचे, मीच खोडायचे, टाळ्या मीच ऐकायचे. रोज रात्री ती सभा मी जिंकत होते आणि रोज सकाळी हरलेल्या माणसासारखी उठत होते.

कारण साधं होतं. आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे येताना लागतं. गावात नळ आला, पण पाइप देवळाच्या चौकापर्यंत येऊन थांबला. तिथून पुढे आमची बौद्धवस्ती. आमच्या बायका तेव्हाही ओढ्याकाठच्या विहिरीवरच जायच्या. एक मेच्या ग्रामसभेत हा प्रश्न मी मांडायचा, असं वस्तीनं ठरवलं होतं. मी शहापूरला छपाईच्या दुकानात टायपिंगचं काम करते, पत्रकं लिहिते, भाषण करते. मीच बोलणार हे उघड होतं. त्या भाषणाच्या तयारीतच झोप उडाली होती. सभेत उभी राहिले आणि तिसऱ्या वाक्यावर काय बोलायचं तेच हरवलं. शब्द नुसते समोरून निघून गेले. मागून कुणीतरी ओरडलं, "ताईला पेंग आलीय! पाण्याचं ऱ्हाऊ द्या, आधी तिला खाट द्या!" सगळी सभा हसली. आमचा विषय 'पुढील सभेत' म्हणून ढकलला गेला. पुढली सभा म्हणजे पंधरा ऑगस्टची. तोवर मला डोकं परत मिळवायचं होतं, आणि डोकं मिळवायला झोप हवी होती.

मी काय केलं नाही? आईनं काशाच्या वाटीनं तळपायाला तेल घासलं. जायफळ घातलेलं दूध झालं. मोबाईलवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून पाहिला. लाटा मोजून मला आणखी तरतरी आली. शहापूरच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या आणि बजावलं की खरा उपाय गोळी नाही: दुपारनंतर चहा बंद, मोबाईल अंथरुणाबाहेर, उठायची वेळ रोज एकच, आणि अंथरुणात काम करायचं नाही. मी म्हटलं, मी कुठं काम करते? ते म्हणाले, "विचार करता ना? तेही कामच." गोळीनं डोळे मिटायचे, पण सकाळी डोकं भिजलेल्या पोत्यासारखं जड असायचं. त्या जड डोक्यानं मी एका लग्नपत्रिकेत आजोबांचं 'कै.' नवरदेवाच्या नावाआधी टाकलं. शेठनं पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "अगो, हळद तरी लागू द्यायचीस! लग्नाआधीच मारलास गो त्याला." दुकानात सगळे हसले, मीही हसले, आणि मागच्या खोलीत जाऊन रडले.

शेजारच्या आळीतल्या काकूंनी सुचवलं, म्हशाच्या जत्रेच्या देवाला नवस बोल, माझ्या भावजयीला गुण आला. त्या मायेनं म्हणाल्या होत्या. मी मात्र भडकले. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे बाबा सहा डिसेंबरला दादरहून कापडी पिशवी भरून पातळ पुस्तिका आणायचे, आणि शाळेच्या पुस्तकाआधी मी त्या वाचायला शिकले. नवस, अंगारा, साक्षात्कार यांच्याशी आमच्या घराचं जुनं भांडण आहे. ते आजही मिटलेलं नाही, आणि पुढचं वाचूनही ते मिटलं असं कुणी समजू नये. मी फक्त घडलं तेवढं सांगते.

आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. वंदना झाली की एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि एका संध्याकाळी एकच भाग. अश्विन पौर्णिमेला शेवटचं पान आणि खीर. वाचनात खंड पडू द्यायचा नाही, हा वस्तीचा नेम बाबांच्या लहानपणापासूनचा. शाळेत असल्यापासून वाचणारी मीच. आणि मी वाचायची कशी? पत्रक वाचल्यासारखी. प्रत्येक वाक्याला हातोडा. सोनाआजी, आमच्या शेजारची म्हातारी, एकदा म्हणाली होती, "पोरी, तू वाचतीस तवा मला वाटतं, मी कायतरी चोरलंय." मी ते कौतुक समजून घेतलं होतं.

पंधरा ऑगस्टला चार-पाच दिवस उरले असताना माझा घसा बसला. जागरण, पाऊस, दुकानातली शाईची हवा, काय कारण असेल ते असो. तोंडातून नुसती हवा येऊ लागली. झोप नव्हतीच, आता आवाजही गेला. त्या संध्याकाळी मी विहारात जाऊन भिंतीला टेकून बसले ती आतून पार रिकामी होऊन. वंदना झाली. सरणं गच्छामि म्हणताना माझे नुसते ओठ हलले. लहानपणापासून मी ते शब्द छाती पुढे काढून, सावधान उभी असल्यासारखे म्हणत आले होते. त्या दिवशी प्रथमच ते मी म्हटले नाहीत. इतरांनी म्हटले आणि मी त्यांच्यात नुसती होते.

मग प्रश्न आला, वाचायचं कुणी? बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. वस्तीतली तरणी पोरं कल्याण-भिवंडीला कामावर. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, "तू वाच", "मी नाय बाय, माझी जीभ अडखळते". इतक्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खाकी कपडे भिजलेले, हातात पाण्याची रिकामी बाटली. मुरबाडहून येणारी मुक्कामाची एसटी आमच्या गावात रात्रभर थांबते आणि पहाटे परत जाते. तिचा हा कंडक्टर. बदलीवर आलेला, आम्ही त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. विहारात उजेड दिसला म्हणून पाणी मागायला आला होता.

बाबांनी विचारलं, "साहेब, वाचता का जरा? आमचा नेम अडलाय."

तो चपला काढता काढता थांबला. "मी तिकिटं वाचतो वो. ग्रंथ कधी वाचला नाय."

"अक्षरं तीच हायत," सोनाआजी म्हणाली. "आनि हितं कुनी तिकीट मागनार नाय, या."

तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, आम्ही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. रुमालानं हात पुसून बसला आणि खुणेची दोरी होती तिथून वाचू लागला. पावसाळ्यात भिक्खू चालणं थांबवून एका जागी राहत, त्याविषयीचा तो भाग. दरवर्षी मी तो वाचला होता. पण कंडक्टर वाचायचा असा: सपाट, एका पट्टीत, कुठंही जोर नाही. प्रत्येक पूर्णविरामाला पुरता थांबायचा, कुणी उतरणारं आहे का बघितल्यासारखा. अवघड शब्द आला की आधी तुकडे पाडायचा, मग जोडून पुन्हा म्हणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'अहो, इथं जोर द्या!' असं ओरडावंसं वाटलं, पण घशातून हवेशिवाय काही निघालं नाही. सुधारता येत नव्हतं, उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी ऐकत राहिले. आणि कधीतरी, एका पूर्णविरामाशी, डोक्यातला तो माईक मी खाली ठेवला. ठेवायचं ठरवलं नाही, हातातून सुटला. बाहेर पाऊस, आत तो सपाट आवाज, सोनाआजीच्या लुगड्याला तंबाखूच्या मिश्रीचा वास. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. पाऊस थांबलेला, खिडकीच्या जाळीतून ऊन थेट चटईवर. माझं डोकं सोनाआजीच्या मांडीवर होतं आणि आजी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून घोरत होती. पलीकडे आई. तिच्यापलीकडे वस्तीतल्या सगळ्या बायका, कुणी पदर पांघरून, कुणी हाताची उशी करून, ओळीनं झोपलेल्या. मला वाटलं काही अघटित घडलं. मी ताडकन उठून बसले तर आईनं डोळे न उघडता विचारलं, "झाली का गो झोप?"

झालं होतं ते बाबांनी सांगितलं. भाग संपायच्या आधीच मी कलंडले होते. आई मला उठवायला पुढे सरकली, तर आजीनं तिचा हात धरला आणि कंडक्टरला म्हणाली, "वाचन थांबवू नका. पाळना थांबला की पोर उठतं." नेम एका भागाचा. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. नेमाचं पुस्तक असतं तर त्यातले सगळे नियम बाबांना तोंडपाठ असते, असे ते आहेत. ते म्हणाले, "वाचा." कंडक्टर म्हणाला, "माझी गाडी काय आता पहाटेशिवाय हालत नाय," आणि पान उलटलं. मग माझे पाय मूर्तीकडे झालेत हे कुणाच्या तरी लक्षात आलं. हलवावं तर मी जागी होणार. आजीनं तथागतांकडे बघून निकाल दिला, "ऱ्हाऊ द्या. त्याला चालतं."

वाचून वाचून त्याचा घसा सुकला तेव्हा माझ्या आईनं ग्रंथ हातात घेतला. माझी आई, चौथी शिकलेली, जिनं कधी माझ्यासमोर मोठ्यानं एक ओळ वाचली नव्हती. तिच्यानंतर दुसरीनं, मग तिसरीनं. मी जागी असताना ज्या बायका माझ्यासमोर तोंड उघडत नव्हत्या, त्या मी झोपले म्हणून वाचत्या झाल्या. कंडक्टर कधीतरी उठून बाटली भरून गेला. पहाटे त्यानं सुटताना हॉर्न वाजवला नाही, असं बाबा म्हणाले.

त्या एका झोपेनं सगळं फिटलं असं नाही. पण वाट दिसली. डॉक्टर जे सांगत होते ते मी आता खरोखर केलं: मोबाईल रात्री स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर, चहा दुपारनंतर नाही, सकाळी उठायची वेळ एकच, मग रात्र कशीही गेलेली असो. आणि वाचन मी सोडलं. बायकांनी पाळ्या लावून घेतल्या, मी भिंतीला टेकून ऐकू लागले. घरी अंथरुणावर ग्रामसभा भरू लागली की मी स्वतःला सांगायचे, वाचणारी दुसरी आहे, तू ऐक. आणि संध्याकाळी ऐकलेली वाक्यं त्या सपाट आवाजात मनात चालवायचे. कधी लागायची, कधी नाही. न लागलेल्या रात्रीशी मी भांडणं बंद केलं, तसतशी ती लागू लागली.

पंधरा ऑगस्टला माझा आवाज अर्धाच परतला होता. ओरडणं शक्यच नव्हतं. मी हळू बोलले. एक वाक्य, मग पूर्ण थांबायचं. पाइप चौकापर्यंत आला. थांबले. चौकापुढे माणसं राहतात. थांबले. सभेला कान देऊन ऐकावं लागलं, आणि ऐकणाऱ्याला हसता येत नाही. मागून तोच मे महिन्यातला आवाज आला, "ताई, जरा मोठ्यानं!" मी काही म्हणायच्या आत माझी आई उभी राहिली. "ती नाय बोलनार मोठ्यानं. तुमी पुढं या." आणि आई थांबली नाही, विहिरीच्या वाटेवर कोण घसरलं, कुणाचा हात मोडला, एकेक सांगत गेली. तिच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी. रात्रभर ग्रंथ वाचणाऱ्या त्याच बायका, त्याच क्रमानं. ठराव झाला. पावसाची उघडीप मिळताच चर खणला गेला, आणि अश्विन पौर्णिमेच्या आधी विहाराच्या दारात नळ आला.

मी मुरबाडच्या स्टँडवर त्या कंडक्टरची चौकशी केली. ड्युट्या बदलतात, म्हणाले, कोण ते कसं सांगणार. मी त्याला देवदूत वगैरे म्हणणार नाही; त्याला ते आवडणारही नाही. तो पाणी मागायला आलेला माणूस होता आणि त्यानं थांबायची घाई केली नाही. कृपा या शब्दाला मी अजून अडखळते. आमच्या धम्मात सगळ्यांविषयीच्या मायेला मैत्री म्हणतात, तो शब्द मला पुरतो. एवढं मात्र कबूल करते की शरण जाणं म्हणजे हार, असं मी मानत होते. मी शरण गेले त्या रात्री माझ्या वस्तीला आवाज फुटला. मी रात्र रात्र जागून तो फोडू पाहत होते.

त्या रात्री ग्रंथ नेमाच्या कितीतरी पुढे गेला होता. आता काय करायचं, यावर बाबा गंभीरपणे विचार करू लागले तेव्हा आजीनंच सोडवलं: "हिनं ऐकला नाय तो सगळा परत वाचा. आमचं काय जातंय?" आणि माझ्या वस्तीनं माझ्यासाठी तेवढा ग्रंथ दुसऱ्यांदा ऐकला.

अश्विन पौर्णिमेला शेवटचं पान आईनं वाचलं. खीर नळाच्या पाण्याची होती म्हणतात, आणि फार गोड झाली होती म्हणतात. मला नक्की माहीत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत मी जागी होते. शेवटी सगळे 'साधु, साधु' म्हणतात, त्या साधुकाराच्या गजरात मला झोप लागली. सकाळी उठले तेव्हा माझी वाटी उशाशी झाकून ठेवलेली होती.