आणि हत्ती वाचला

शिक्षिकेला शिकवणं सोडून बाकी सगळं करावं लागतं, हे मला नोकरीला लागण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मतदार याद्या झाल्या, पोलिओचे डोस झाले, खिचडीत तांदूळ किती पडला त्याच्या नोंदी झाल्या. यातून वेळ उरलाच तर पाढे. मार्केट यार्डाजवळच्या महानगरपालिकेच्या शाळेत मी तिसरीच्या वर्गावर होते, तेव्हा माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. शनिवार पेठेतल्या घरी पोचून पलंगावर पडलं की पुन्हा उठावंसं वाटायचं नाही.

अशात एका शनिवारी हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतली मुलंमुली शाळेत आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात फुगे. "मॅम, किड्सनी रीडिंग एन्जॉय केलं पाहिजे," त्यांच्यातला एकजण मला म्हणाला. मी म्हटलं, "अगदी. सोमवारपासून तुम्ही या, मी घरी बसते." तो खूप हसला. मी विनोद केला नव्हता. त्यांनी पुस्तकांचं खोकं ठेवलं, फोटो काढले, आणि जेवायच्या वेळेआधी गाड्या निघूनही गेल्या.

पुस्तकं मात्र चांगली होती, उगाच खोटं का बोला? मोठी चित्रं, खाली एक-दोन ओळी, आणि चक्क मराठीत. मुख्याध्यापकांनी खोकं उचलून कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. "मुलं फाडतील हो, बाई."

"फाडू देत की. नाहीतर वाळवी आहेच."

त्या किल्लीसाठी मी जेवढे वाद घातले, तेवढे माझ्या पगारासाठीही घातले नसतील. शेवटी ते कंटाळले. मी त्यांच्या आधीच कंटाळले होते, पण मला सवय होती.

पुस्तकं हातात आली आणि निराळाच ताप सुरू झाला. ज्याच्या हाती जे लागलं ते तो सोडेना. दप्तरात लपवायची, बाकाखाली घालून वर बसायची, मागितलं की भोकाड. मग मी नियम केला. पुस्तक वाचून झालं की वर्गासमोर उभं राहून गोष्ट सांगायची आणि ज्याला ती आवडेल त्याला पुस्तक देऊन टाकायचं. मुलांनी त्याला 'सांगून देणं' असं नाव पाडलं. यात माझा फार मोठा शैक्षणिक विचार वगैरे नव्हता. शेवटच्या तासाला माझा घसा बसलेला असायचा. दुसरं कुणी बोललं तर मला हवंच होतं.

बहुतेकांचं सांगणं म्हणजे, "एक ससा होता. तो पळाला. संपली." की लगेच जागेवर. त्यात एक मुलगी होती. आईवडील लातूरकडून आलेले, वडील यार्डात हमाल, आई तिथेच कांदे निवडायला जायची. अभ्यासात कधी हात वर करायची नाही. पण गोष्ट सांगायला उभी राहिली की काय विचारता! तिच्या गोष्टीतली बदकं भाव करायची, ससे टेम्पोत बसून यायचे, वाघ आडत्याशी भांडायचा. वर्ग खिदळायचा. तिने सांगितलेल्या पुस्तकावर अशा उड्या पडायच्या की मला चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या. मी खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसायची. दिवसभरात तेवढंच काय ते सुख.

एक दिवस ती हत्तीचं पुस्तक घेऊन उभी राहिली. त्या वर्षी पुण्यातला एक रस्ता धड नव्हता. कसल्या कसल्या केबल टाकायला जो तो खणत सुटला होता. तिने सुरुवात केली, "एक हत्ती केळी आणायला मार्केट यार्डात निघाला. रस्ता खणलेला होता. तिथं पाटी लावली होती, पण हत्तीला पाटीवरचं कळेना. कुणाला विचारायची त्याला लाज वाटली. एवढा मोठा झाला, आणि येत नाही, असं लोक म्हणतील ना! मग तो तसाच पुढं गेला आणि खड्ड्यात पडला, धप्पकन. हमालांनी दोर बांधून त्याला वर काढला. हत्ती म्हणाला, आता बास. तो आपल्या शाळेत आला. बाकावर मावेना म्हणून खाली बसला. बाईंनी त्याला शिकवलं. रोज शिकवलं. आणि हत्ती वाचला."

पोरांनी बाक बडवले. चिठ्ठी मॉनिटरच्या नावाची निघाली. ही एका दुकानदाराची मुलगी, भारी शिस्तीची. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच ती उभी राहिली.

"बाई, ही खोटं बोलते. पुस्तकात पाटी नाहीच. शाळा पण नाही. हत्ती खड्ड्यात पडतो, लोक त्याला ओढतात आणि तो वाचतो. म्हणजे मरत नाही. एवढंच आहे." आणि तिने शेवटचं पान उघडून मोठ्यानं वाचलं, "आणि हत्ती वाचला."

मी कपाळावर हात मारून घेतला. मरतामरता राहिला तोही वाचला आणि पुस्तक घेऊन बसला त्यानेही वाचलं. आपल्या भाषेला दोन्हीला एकच शब्द पुरतो, आणि तिच्या घरच्या बोलीत तर 'ने'सुद्धा लागत नाही. शेजारच्या बाकावर कुणीतरी ती ओळ मोठ्याने वाचली असणार, ती हिच्या कानावर पडली. आणि माझ्या वर्गात वर्षभर दुसरं काय चाललं होतं? वाचलंस का, कुणी वाचलं नाही, आधी वाच मग सांग. तिला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ ठाऊक असावा, किंवा तेवढाच हवा असावा.

मधल्या सुट्टीत मी तिला टेबलाशी बोलावलं आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. "वाच." ती चित्राकडे बघून भराभर बोलायला लागली. मी चित्रावर हात ठेवला. खाली फक्त ओळ राहिली. ती गप्प झाली. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

वर्गाने तिला 'खोटारडी' ठरवून टाकलं होतं. खिचडीच्या रांगेत कुणीतरी विचारायचं, "ए, हत्ती आला नाही का आज शाळेत?" तिने पुस्तकांना हात लावणं सोडलं. पाळी आली की "मला नको" म्हणून खाली बसायची. मी आईला बोलावून घेतलं. ती कामावरूनच आली, पदराला कांद्याची सालं चिकटलेली.

"वाचाया येतच नसंल, तर बसू द्या की माझ्याजवळ कांदं निवडाया," ती शांतपणे म्हणाली. "थोरलीचंबी आसंच झालं."

माझा भडका उडाला. "अहो, काय बोलताय तुम्ही? आठ वर्षांचं लेकरू आहे ते!"

"मंग शिकवा की, बाई. शाळंत कशापायी घातलीय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. वार्षिक परीक्षेपर्यंत थांबते, तोवर आलं तर ठीक, नाहीतर पोर कामावर नेते, असं ती स्पष्ट सांगून गेली.

त्यानंतर माझी जेवणाची सुट्टी संपली. एका हाताने डबा खायचा आणि दुसऱ्या हाताने तिच्या पाटीवर अक्षरं काढायची. पुस्तकाचं नाव काढलं की ती आखडायची, म्हणून पुस्तक बाजूलाच ठेवलं. बिस्किटाच्या पुड्यावरचं वाच, भिंतीवरचं वाच, येताना रस्त्यावर काय काय लिहिलंय ते बघून ये. काना आला की वेलांटी पळायची. वेलांटी धरली की जोडाक्षर तिच्या उरावर बसायचं. कितीदा तरी मी वैतागून खडू फेकला. घरी जाताना बसमध्ये डुलकी लागायची आणि थांबा मागे पडायचा. कशाला ही उठाठेव, असं रोज वाटायचं. आणि रोज डबा उघडला की ती पाटी घेऊन समोर उभी असायची.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिने आपणहून कपाटातून हत्तीचं पुस्तक काढलं. बोट ओळीखाली धरून एकेक शब्द फोडत शेवटपर्यंत गेली. एवढीशी गोष्ट, पण अख्खी सुट्टी सरली. 'हत्ती वाचला'वर ती थांबली.

"बाई, म्हणजे जीव वाचला?"

"हो."

"शाळेत नाही गेला?"

"नाही गं."

तिने पान उलटलं. मागे काही नव्हतं. "एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

इतके दिवस राबून मी तिला काय दिलं, तर तिच्या गोष्टीपेक्षा छोटी गोष्ट. त्या कंपनीवाल्या मुलांचा मला विनाकारण राग आला. तिने पुस्तक मिटून कपाटात ठेवलं आणि हात धुवायला निघून गेली.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मी आईला पुन्हा बोलावलं. ती दारातच उभी राहिली, आत येईना. मुलीने वर्गासमोर उभं राहून पुस्तक वाचलं. सावकाश वाचलं, पण एक काना इकडचा तिकडे झाला नाही. मॉनिटर मान हलवून प्रत्येक शब्द तपासत होती.

"आलं बघा," मी आईला म्हटलं.

"आलं की," ती म्हणाली. "बरं झालं. येऊ दे मंग शाळंत." आणि पिशवी उचलून निघाली.

तेवढ्यात मॉनिटर उभी राहिली. "बाई, वाचून झालं ना? मग आता तिला गोष्ट सांगू दे. ती शाळेतली."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आई दारात थबकली होती.

"कसली गं गोष्ट?"

"हत्तीची," मुलगी म्हणाली. "त्याला पाटी वाचता येत नसते."

आईने पिशवी खाली ठेवली आणि ती तिथेच उंबऱ्यात बसली.

"सांग," ती म्हणाली. "मलाबी न्हाई येत."