आमरसापायी डावललेला खटका

तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे अगदीच अल्लड, आणि स्वतःला इंजिनिअर समजत होते. खरे इंजिनिअर घरातच होते, पण नवऱ्याचं ऐकायचं का ते वय?

निवृत्तीनंतर आम्ही क्युपर्टिनो शहर सोडून डोंगरात केबिन घेतली. विजेची लाइन तिथवर पोचलेली नव्हती. छपरावर सोलर पॅनल, शेडमध्ये चार बॅटऱ्या आणि भिंतीवर एक लहानशी पेटी. बॅटऱ्या फार उतरल्या की पेटी 'खट्' करून फ्रीझरची वीज तोडायची. "बॅटरी पार पिळली की मरते," हे सांगून ठेवायचे.

मला त्या खटक्याचा भारी राग. फ्रीझरमध्ये वर्षभर पुरवायचा हापूसचा रस होता. एकदा हे गावात गेलेले बघून मी फ्रीझरची वायर पेटीतून काढली, थेट बॅटरीला जोडली, वर हळदकुंकूही वाहिलं. आठवडाभर खट् नाही. काय तो माझा तोरा!

मग पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला. आग लांब होती, पण तीन दिवस धुराने सूर्य दिसला नाही. पॅनलवर राखेचा थर. चौथ्या दुपारी ह्यांचा दमा उसळला. मी नेब्युलायझर लावला. दोन मिनिटं वाफ आली, इन्व्हर्टर केकाटला आणि सगळं गप्प.

"बॅटरी... कशी उतरली गं? खटका... पडला नाही?"

"नाही हो. मीच तो बाजूला केलाय."

हे रागावलेसुद्धा नाहीत. रागवायला श्वास नव्हता. ओठ निळसर दिसायला लागले. फोनला रेंज नाही. ह्यांना कसंबसं गाडीत बसवलं, इंजिन सुरू केलं, गाडीतल्या छोट्या इन्व्हर्टरला नेब्युलायझर जोडला. तो घरघरला, तशी मी धुरात गाडी घातली. दहा फुटांपलीकडे रस्ता दिसत नव्हता. उतारभर कान त्या घरघरीवर. ती थांबली तर? देवाला काय काय कबूल केलं, विचारू नका.

क्लिनिकच्या दारात ह्यांनी मास्क बाजूला केला.

"रस वितळला असेल. आता संपवायलाच हवा."

"बॅटऱ्यापण संपल्यात हो."

"त्या तू आधीच संपवल्यास."

नव्या बॅटऱ्या आल्या तेव्हा वायर ह्यांनी माझ्याच हातून पेटीत लावून घेतली. अजूनही खट् झालं की मी फ्रीझरकडे न जाता आधी ह्यांची छाती हलतेय का ते बघते.

"जिवंत आहे," हे पेपरातून डोकं न काढता म्हणतात. "जा, रस बघ."